गायरानावरचं ऊन: सांगोला तालुक्यातल्या एका फीडरचं प्रकरण

आमच्याकडे मोटरीची लाइट आठवड्याने कूस बदलायची. एक आठवडा दिवसा आठ तास, पुढच्या आठवड्यात रात्री. रात्रीच्या पाळीत थोरले बंधू (आम्ही त्यांना आण्णा म्हणतो) बारा-साडेबाराला उठायचे, डोक्याला बॅटरी बांधायचे आणि दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचे. मागून वहिनी, कारण एकट्याने जायचं नाही हा घरातला नियम. मोटरपाशी एक आणि सरीच्या तोंडाशी एक, असं काम. सापाची भीती कायमचीच. 2020 च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली, तेव्हा आमच्या भागात बिबट्या नसतानाही महिनाभर कुणी रात्री रानात पाऊल टाकलं नाही. गहू वाळला तर वाळला.

ज्याला उठणं होत नव्हतं त्याने स्टार्टरला ऑटो लावलेला. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. शेतकरी घरात झोपलेला, पाणी बांध फोडून ओढ्याला. सकाळी विहीर कोरडी आणि अर्धं रान तुंबलेलं, हे चित्र गावात रोजचं होतं.

हे मुद्दाम आधी लिहिलं. मी सोलापुरात अर्थशास्त्र शिकवतो. ‘नवीकरणीय ऊर्जा आणि शाश्वत प्रादेशिक विकास’ या घटकावर मुलं प्रकल्प-अहवाल आणतात तेव्हा सुरुवात मेगावॅटने होते. आमच्या गावात या विषयाची सुरुवात झोपेने झाली. गावाचं नाव लिहीत नाही. यातल्या सगळ्यांना अजून एकमेकांच्या लग्नाला जायचं आहे.

काय घडलं

गाव सांगोला तालुक्यातलं, माण नदीपासून लांबचं. जमीन मुरमाड, डाळिंब आणि मका, जिथे बोअर लागलं तिथे थोडा ऊस. 2023 ला पावसाने दगा दिला. ऑक्टोबरअखेर राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सांगोला होता. पुढच्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं. म्हणजे वापराचा साठा संपून तळाच्या अचल साठ्यातलं पाणीही उपसलं जात होतं. त्या दुष्काळी हिवाळ्यात ग्रामसभेपुढे विषय आला: उपकेंद्रामागच्या गायरानातली वीस एकर जमीन सौर प्रकल्पाला द्यायची.

योजना मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीची. ती 2017 ला सुरू झाली होती, पण खरा वेग 2023 च्या दुसऱ्या टप्प्याने आला. कल्पना साधी आहे. शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या विजेच्या वाहिन्या, गावठाणापासून वेगळे केलेले असतात. ज्या 33/11 केव्ही उपकेंद्रातून ते निघतात, त्याच्या जवळच पॅनल बसवायचे आणि वीज तिथल्या तिथे फीडरवर सोडायची. लांबून वीज आणण्यातली गळती वाचते आणि सूर्य दिवसा असतो म्हणून शेतीला दिवसा लाइट देता येते. वीज कंपनी 25 वर्षांचा करार करून ती प्रकल्पवाल्याकडून विकत घेते. दर तीन रुपये युनिटच्या आसपास, म्हणजे औष्णिक विजेचा डोलारा सांभाळून ती रानापर्यंत पोचवायला जो खर्च येतो त्याच्या निम्म्याहून कमी.

आमच्या उपकेंद्राच्या वाट्याला चार मेगावॅट आले. मेगावॅटला चार ते पाच एकर लागतात, म्हणून वीस. आमच्या भागातल्या उन्हात एक मेगावॅट वर्षाला साधारण 16 लाख युनिट देतो, चाराचे 64 लाख. पाच एचपीची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॅट. हजारभर मोटरी एकदम चालल्या तर तेवढेच चार मेगावॅट होतात. गणित चोख जुळतं. कागदावर ही योजना मला आजही आवडते.

ग्रामसभेत दोन तासांत ठराव झाला. ‘दिवसा लाइट’ एवढ्या दोन शब्दांवर. विरोधात बोलले ते वस्तीवरचे एक आज्जे, मेंढरंवाले. त्यांचं वाक्य लोक अजून हसत सांगतात: “तुमच्या काचा आमच्या शेरडाला खाता येत न्हाईत.” मीही त्या दिवशी हसलो होतो. 2025 च्या उन्हाळ्याआधी प्रकल्प सुरू झाला.

मोटरवाल्याच्या घरात

आण्णांनी पहिल्या महिन्यात ऑटो काढून टाकला. सकाळी नऊला मोटर सुरू करायची, चहाला घरी यायचं. ठिबकचा फिल्टर दिवसा धुता येतो, कुठली नळी चोकली ते डोळ्यांनी दिसतं, खत सोडताना शेजारी उभं राहता येतं. डाळिंबाला हे फार महत्त्वाचं. रात्री सोडलेलं पाणी नेमकं किती पोचलं ते कळायचं नाही, आणि कमी-जास्त पाण्याने फळ तडकायचं. रात्रपाळीचा गडी दुप्पट हजेरी मागायचा, ती वाचली. वहिनींना मात्र विचारलं तर त्या पैशाचं काही बोलत नाहीत. “आता रात्री दार वाजलं तर कुणीतरी आजारी असंल एवढंच वाटतं,” म्हणाल्या.

आणखी एक फरक कुणी आधी सांगितलाच नव्हता. फीडरच्या शेपटाला असलेल्या आमच्या रानात पूर्वी व्होल्टेज पडायचं. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि वायंडिंग जळतं. वीज जवळून यायला लागल्यावर ते पुष्कळ कमी झालं. तालुक्याच्या गावातला आमचा रिवायंडिंगवाला चेष्टेत म्हणतो, तुमच्या सूर्याने माझं पोट मारलं.

एकदा मात्र गावाचा भ्रमनिरास झाला. वळवाच्या वाऱ्याने कुठेतरी तार तुटली, उपकेंद्र बंद पडलं, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात सगळ्या मोटरी गप्प. लोक कुंपणापाशी जमले. ऊन आहे, पॅनल आहेत, मग लाइट का नाही? रखवालदार पोरगं गावातलंच, ते काय सांगणार? खरं कारण असं की ग्रिडची लाइन मेली की असे प्रकल्प स्वतःहून बंद होतात. नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात जिवंत तार येईल. सौर फीडर म्हणजे गावाची स्वतःची वीज नव्हे. ग्रिडच्या घरात आपण एक खोली बांधली आहे. ढग आल्यावर मोटर चालते ती याच कारणाने, आणि उन्हात बंद पडते तीही याच कारणाने. हे ग्रामसभेत पाच मिनिटं कुणी समजावलं असतं तर त्या दिवशी शिव्या कमी पडल्या असत्या.

काही जणांनी दुसरा रस्ता धरला, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’चा. दहा टक्के हिस्सा भरायचा (अनुसूचित जाती-जमातीला पाच) आणि स्वतःच्या रानात पॅनल लावायचे. जिथे लाइनच पोचली नाही तिथे तो उत्तम. पण पाणी द्यायचं नसतं त्या दिवशी त्या पॅनलची वीज वाया जाते. फीडरवरची जात नाही, ती पुढे जाते.

वीस एकरांचा हिशेब

इथून पुढे मला त्या आज्ज्यांचं हसू येत नाही.

योजनेत खासगी जमीन भाड्याने घ्यायची तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र एक रुपयाने. गायरान सरकारच्या मालकीचं, ग्रामपंचायत त्याची राखणदार. म्हणून आमचे वीस एकर एक रुपयात गेले. त्या बदल्यात ग्रामपंचायतीला प्रोत्साहन म्हणून वर्षाला 5 लाख, तीन वर्षं, एकूण 15 लाख.

आता हेच वीस एकर, म्हणजे आठ हेक्टर, एखाद्या खातेदाराचे असते तर? पहिल्या वर्षी 10 लाख. तीन टक्के वाढ धरून 25 वर्षांची बेरीज केली तर सुमारे 3 कोटी 65 लाख. एका बाजूला पंधरा लाख, दुसऱ्या बाजूला साडेतीन कोटींच्या वर. जमीन तीच, ऊन तेच. फरक एवढाच की एका जमिनीला सातबाऱ्यावर एकच नाव आहे आणि दुसरी सगळ्यांची आहे. सगळ्यांची म्हणून ती स्वस्त.

याला उत्तर ठरलेलं आहे: जमीन फुकट म्हणून वीज स्वस्त, आणि वीज स्वस्त म्हणून गावालाच फायदा. बरोबर आहे, पण ‘गाव’ म्हणजे कोण हे विचारावं लागतं. एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या मोटरींचं बिल राज्य सरकार भरतं. म्हणजे विजेचा दर कमी झाला तरी आण्णांच्या खिशात त्यातलं काही येत नाही. वाचतो तो राज्याचा अनुदानाचा पैसा, आणि उद्या कदाचित सोलापूरच्या टॉवेल कारखानदारावरचा क्रॉस सबसिडीचा बोजा, म्हणजे शेतीची वीज स्वस्त ठेवायला त्याच्याकडून घेतला जाणारा जादा दर. आण्णांना मिळाला तो दिवस. मोठी गोष्ट आहे, नाकारत नाही. पण ती मिळाली विहीर असलेल्याला, आणि मोटरीच्या एचपीच्या प्रमाणात. ज्याच्याकडे विहीर नाही, मोटर नाही, फक्त पन्नास शेळ्या-मेंढ्या आहेत, त्याच्या वाट्याला तारेचं कुंपण आलं.

हे पुस्तकी वाटेल म्हणून मेंढरांचं थोडं सविस्तर सांगतो. माणदेशात मेंढरांचा आणि रानाचा व्यवहार जुना आहे. सुगी झाली की मेंढरं रानात बसवायची. शेतकरी रात्रीमागे धान्य किंवा पैसे देतो, रानाला लेंडीखत मिळतं. पावसाळ्यात रानात पिकं उभी असतात तेव्हा कळप कुठे जाणार? गायरानात. ते चार महिने गायरानाने कळप जगवायचा म्हणून आठ महिने तो शेतकऱ्याच्या कामाला यायचा. प्रकल्प झाल्यावर वस्तीवरच्या पाच घरांपैकी दोघांनी मेंढरं विकली. त्यातला एक मुलगा आता त्याच प्रकल्पात गवत कापायला रोजंदारीवर जातो. मेंढरं फुकटात खायची तेच गवत तो मजुरी घेऊन कापतो, आणि ते बाहेर फेकलं जातं. आण्णांनी गेल्या वर्षी खत विकत आणलं, सांगलीकडून, ट्रॉलीने.

कायद्याचं सांगायचं तर 2011 साली जगपाल सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनी वाचवायला सांगितलं. त्यानंतर राज्यानेही गायरान सार्वजनिक कामाशिवाय इतर कशाला देऊ नये असा शासन निर्णय काढला. सौर प्रकल्प सार्वजनिक कामात बसतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्यातल्या वाटणीबद्दल आहे.

आणि या तालुक्याला वाटणी हा शब्द कुणी शिकवायची गरज नव्हती. तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद 1993 पासून शेजारच्या आटपाडीला भरत आली. नागनाथअण्णा नायकवडी, आमच्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख, भारत पाटणकर ही मंडळी त्यात होती. मागणी नुसत्या पाण्याची नव्हती, समन्यायी पाणीवाटपाची होती: प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क, भूमिहीनालाही. त्याच्याही आधी, बहात्तरच्या दुष्काळानंतर, पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायतीत हाच नियम लावला होता. पाणी जमिनीमागे नाही, माणसामागे. या लोकांनी पाण्याबद्दल जे बोलून ठेवलं ते उन्हाबद्दल आमच्या ग्रामसभेत एकालाही आठवलं नाही. मलाही नाही.

पाणी

प्रकल्पाविरुद्ध गावात एक आवई उठली, पॅनल धुवायला गावाचं पाणी जाणार. हिशेब केला. चार मेगावॅटला साधारण पाच मेगावॅटचे पॅनल लावतात, साडेपाचशे वॅटचे धरले तर नऊ हजारांच्या वर. पॅनलमागे दोन लिटर धरले तर एका धुण्याला अठरा हजार लिटर, म्हणजे दीड टँकर. महिन्यातून दोनदा धुतलं तरी वर्षाला साडेचार लाख लिटरच्या आत. याच जिल्ह्यात फताटेवाडीला 1320 मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आहे, पाणी उजनीचं. कोळशाच्या विजेला मेगावॅट-तासाला साधारण तीन घनमीटर पाणी धरलं तर आमच्या 64 लाख युनिटांना सुमारे दोन कोटी लिटर लागलं असतं. तेव्हा धुण्याचं पाणी हा मुद्दा नाही. तरी मे महिन्यात गावात टँकर चालू असताना कुंपणाच्या आत फवारा उडताना बघून माणसाचं डोकं फिरतं, हेही खरं. ठेकेदाराने रात्री धुवायला सुरुवात केली. तेवढ्याने आवई थांबली. रात्रपाळी अशी कुंपणाच्या आत गेली!

खरा मुद्दा मोटरीखालच्या पाण्याचा. पाच एचपीची मोटर दीडशे-पावणेदोनशे फुटांवरून तासाला दहा-बारा हजार लिटर काढते. पंधरा बाय दहा फुटांवर लावलेल्या डाळिंबाची एकरी 290 झाडं होतात, भर उन्हाळ्यात झाडाला 40 लिटर दिले तरी दिवसाला बारा हजार. म्हणजे एका एकराला मोटरीचा एक तास. आठ तास हमखास लाइट म्हटल्यावर उरलेल्या सात तासांचं काय करायचं, याचं उत्तर आमच्याकडे पिढीजात आहे: ऊस. उसाच्या एकराला वर्षाला 80 लाख लिटर लागतात. आमच्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एका एकरावर आभाळातून पडतात ते 20 लाख. काळ्या पाषाणात त्यातला दहावा भाग मुरला तरी नशीब. जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने उभे आहेत, ऊस न्यायला ते तयारच असतात. भूजलाच्या 2009 च्या कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. आमच्या गावात दोनशे फुटांवर, म्हणजे त्याच 60 मीटरवर, आता फक्त धूळ निघते. बोअरची गाडी चारशेच्या पुढे जाऊनच थांबते.

रात्रीची लाइट ही शिक्षा होती. पण ती नकळत रेशनिंगही करायची. आळसाने, भीतीने, थंडीने कितीतरी रात्री मोटरी चालल्याच नाहीत, आणि ते पाणी खाली राहिलं. उलट ऑटोने वाया घालवलेलं पाणीही मोठं होतं, ते आता वाचतं. दोन्हींची वजाबाकी काय येईल हे 2025 वरून ठरवता येणार नाही, कारण ते वर्ष मेपासूनच ओलं निघालं. सप्टेंबरात तर सीना नदीने माढा-मोहोळात गावंच्या गावं पाण्यात घातली. आमच्या विहिरीही तुडुंब होत्या. परीक्षा पुढच्या कोरड्या वर्षी आहे. गावात उसाची तीन नवी रानं मात्र आताच दिसतात, त्यातलं एक आमच्या भाऊबंदाचं. मी आण्णांकडे विषय काढला. “त्याला रात्री उठायला लावायचं का परत?” एवढंच म्हणाले. माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दुसरा ठराव

आता आणखी बारा एकर मागितले आहेत. या वेळी ग्रामसभेच्या आधी दोन बैठका झाल्या, एक तर वस्तीवर जाऊन. मसुदा मी लिहिला, म्हणून त्याबद्दल तटस्थ नाही. त्यात तीन गोष्टी आहेत. पॅनलची खालची कड मेंढरू अंगाखालून जाईल एवढी उंच ठेवायची आणि पावसाळ्याचे चार महिने वस्तीवरच्या कळपांना आत चरू द्यायचं, म्हणजे गवतकापणीचा खर्चही वाचेल. ग्रामपंचायतीच्या प्रोत्साहनाच्या रकमेतला निम्मा हिस्सा विहीर नसलेल्या घरांच्या नावाने वेगळा ठेवायचा. आणि फीडरवरच्या दहा विहिरींची पातळी दर अमावास्येला मोजून चावडीवर लिहायची.

पहिल्या अटीला प्रकल्पवाल्याच्या माणसाने बैठकीतच मान हलवली. शेरडं वर उड्या मारतात आणि केबल कुरतडतात, म्हणाला. त्यावर ते आज्जे म्हणाले, “मग शेरडं नगंत, नुसती मेंढरं सोडू. मेंढरू मान वर करत न्हाई.” माणूस वही काढून लिहायला लागला. उंची वाढवली तर लोखंड किती वाढेल ते विचारून कळवतो म्हणाला आहे. दुसऱ्या अटीवर सरपंच गप्प आहेत, कारण पहिल्या पैशातून सभामंडपाचा पाया खणून झाला आहे. तिसरीला कुणाचाच विरोध नाही, फक्त मोजायचं कुणी यावर गाडी अडली होती. आण्णांनी दोरीला फूट-फुटावर गाठी मारून ती विहिरीच्या कठड्याला अडकवून ठेवली आहे.